आगोटीची बेगमी

आमच्या अष्टागरात मे महिना सरू लागला की घरोघर आगोटीची धांदल उडते. घराची शाकारणी होते, पडवीत सरपण रचले जाते, सुके बोंबील आणि सोडे डब्यांत जातात, होड्या ओढून वर घेतल्या जातात. पहिली सर येण्याआधी हे सारे उरकायचे, एवढे येथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण दुखण्याची बेगमी करायची म्हटली, की हीच शहाणी माणसे ‘बघू पुढे’ म्हणून मोकळी होतात.

नोकरदाराच्या दुखण्याचा भार पुष्कळदा कंपनी उचलते. पण नारळ-सुपारीची वाडी राखणारा, रिक्षा चालवणारा, घरगुती खानावळ सांभाळणारी, तासिकेवर शिकवणारा प्राध्यापक, यांचा वाली कोण? शेजारच्या वाडीवाल्या काकांना मी हे विचारले, तर म्हणाले, “सर, आमचा मालक म्हणजे पाऊस. त्याच्याकडे कसला विमा मागता?” विनोद झकास, पण इस्पितळाचे बिल विनोदाने फिटत नाही. ते वाडी गहाण टाकून फिटते.

मुंबई-पुण्याच्या वाचकांनीही हे परक्याचे दुखणे समजू नये. गावी राहिलेले आईवडील चिरंजीवांच्या कंपनीच्या विम्यात असतीलच असे नाही. आणि नोकरी सुटली की तो विमाही सहसा सुटतो.

तेव्हा आरंभ शिधापत्रिकेपासून करावा. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगडही होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ च्या शासननिर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेलाही खुली झाली आणि तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये ठरली. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत, उत्पन्न न पाहता, ५ लाखांचे संरक्षण आहे. हप्ता शून्य! मात्र या योजना चालतात त्या यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांना. आपल्या जवळचे असे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून नव्हे. अशा रुग्णालयात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसलेला असतो.

यादीबाहेरच्या खर्चासाठी स्वतःचा विमा हवा. २०२० मध्ये ‘आरोग्य संजीवनी’ ही एकाच साच्याची पॉलिसी आली. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच, दर तेवढे निराळे. त्यामुळे तुलना सोपी. हप्ता महिन्याचा किंवा तिमाहीचाही भरता येतो. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे.

खोलीभाड्याची अट मात्र चष्मा लावून वाचावी. या पॉलिसीत भाडे मिळते ते विमारकमेच्या २ टक्के, आणि तेही रोज ५ हजारांपर्यंतच. तुम्ही १० हजारांची खोली घेतलीत, तर भाड्याबरोबर डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. शिवाय मंजूर दाव्यातले ५ टक्के आपल्या खिशातून जातात. श्रीमंती मिरवायला इस्पितळाची खोली ही जागा नव्हे!

आणि अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. २०२४ च्या नियमांप्रमाणे, सांगितलेल्या जुन्या दुखण्यासाठी फार तर तीन वर्षे थांबावे लागते. लपवलेले उघडकीला आले, तर सारा दावाच बुडण्याची भीती. पण थांबण्याचे हे घड्याळ पॉलिसी घेतल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणून विमा घ्यावा तो धडधाकट असताना.

वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी शिधापत्रिकाही ठेवा. नावे बरोबर आहेत का, नव्या सूनबाईंचे नाव तीत चढले आहे का, तेवढे पाहा. हळदकुंकू वाहायला दोन मिनिटे उशीर झाला, म्हणून लक्ष्मी रुसणार नाही.