पुस्तकाची मूळ प्रत साध्या मजकुरात ठेवा
नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या, १९८९पासून दूरशिक्षण देणाऱ्या संस्थेत पुस्तक हाच विद्यार्थ्याचा मुख्य शिक्षक. अशा पुस्तकांची मूळ प्रत लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, म्हणजे साध्या मजकुरात असावी. मराठी डीटीपीने धडा दिलाच आहे: जुन्या फाँटमधली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांची नुसती खिचडी. लाटेकमध्ये युनिकोड मजकूर मजकूरच राहतो. उलटी तिरकी रेघ, ‘सेक्शन’ आणि महिरपी कंसात शीर्षक लिहिले की क्रमांक आपोआप लागतो. खुणेने जोडलेला ‘आकृती ४.२ पाहा’ हा उल्लेख मधले प्रकरण गाळले तरी स्वतःला दुरुस्त करून घेतो. त्याच मजकुरातून लाटेकमधले बीमर हे साधन वापरून स्लाइडही निघतात.

शिकायला अवघड, ही तक्रार खरी. एक कंस राहिला तरी काम अडते. जाहिरातीच्या पानासाठी तर हे साधन कुणी घेऊच नये. पण साचा एकाने बांधला की लेखकांना फक्त लिहायचे उरते. ‘मराठीला चालत नाही’ हा आक्षेप मात्र शिळा. वेल्थुइस यांच्या पॅकेजने १९९१मध्येच देवनागरीची सोय केली. २००४मध्ये आलेल्या, लाटेक चालवणाऱ्या झीटेक या इंजिनामुळे युनिकोड फाँट थेट वापरता येऊ लागले. शिवाय सगळे फुकट. सुरुवात गणिताच्या पुस्तकांपासून करावी. समीकरणे जुळवताना वर्डमध्ये होणारी दमछाक तिथेच सर्वाधिक असते.