पाठ केलेलं भाषण

सेमिस्टरचा निकाल लागतो, दोन विषय राहिलेले असतात आणि घरी फोन करायचा असतो. फोन लावायच्या आधी तुम्ही काय करता? भाषण तयार करता. ‘आई, ऐक ना, पेपरच तसा होता...’ नको. ‘बाबा, सॉरी, पुढच्या वेळी नक्की...’ हेही नको. शेवटी हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहून दोन वाक्यं पक्की होतात, आणि तरी अर्धा तास फोन खिशातच राहतो.

असंच पाठ केलेलं एक भाषण बायबलमध्ये आहे. लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात. मराठीत ही गोष्ट ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ म्हणून ओळखतात. नाव जरा फसवं आहे, कारण उधळपट्टी एका वाक्यात संपते. झालं होतं असं, की येशू बदनाम माणसांच्या पंगतीला बसतो म्हणून धर्मपंडित कुरकुरत होते. त्यांना उत्तर म्हणून त्याने हरवलेल्या मेंढराची, हरवलेल्या नाण्याची आणि मग ही गोष्ट सांगितली.

धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो. बाप जिवंत असताना! आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. बाप देऊन टाकतो. ना भांडण, ना इमोशनल ब्लॅकमेल. पोरगा परमुलखात जातो, पैसे उडवतो, त्यात दुष्काळ पडतो, आणि ज्यू घरातला हा मुलगा चक्क डुकरं राखायला लागतो. डुकरांपुढच्या शेंगा खाव्याशा वाटतील इतकी भूक लागते, तेव्हा त्याला घर आठवतं. म्हणजे आधी भूक, मग पश्चात्ताप. गोष्टीतला हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. मग तो भाषण जुळवतो: मी चुकलो, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा.

बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. त्या काळी मानाचा, वयस्क माणूस असा झगा सावरत धावत नसे, असं अभ्यासक सांगतात. हा धावतो, पोराला मिठी मारतो, मुके घेतो. मुलगा भाषण सुरू करतो खरा, पण ‘गडी म्हणून ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. तोवर बापाने नोकरांना झगा, अंगठी, पायतण आणायला पिटाळलेलं असतं.

ख्रिस्ती माणूस देवाला ‘बाप’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हा बाप असतो. पोराने माफी मागितली म्हणून तो विरघळला असं नाही. माफीचा पहिला शब्द ऐकायच्या आधीच तो रस्त्यावर आलेला होता.

मग काय, काहीही करा, देव माफ करतोच? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. पण नीट वाचा. उधळलेली वाटणी परत मिळत नाही. उरलंय ते सगळं तुझंच, असं बाप नंतर थोरल्याला स्पष्ट सांगतो. गेलेलं वर्ष गेलंच, राहिलेले विषय द्यावेच लागतात. फक्त त्या हिशेबावर तुमचं घरातलं स्थान ठरत नाही.

आणि हो, थोरला. तो शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि रुसून बाहेरच थांबतो. इतकी वर्षं राबतोय, मला कधी एक करडू तरी दिलंत का, असं बापाला विचारतो. भावाला भाऊसुद्धा म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. खरं सांगू? बरीच वर्षं मी थोरल्याच्याच बाजूने होतो. वेळेवर असाइनमेंट देणाऱ्या, अटेंडन्स भरणाऱ्या प्रत्येकाला तो आपला वाटेल. पण त्याचं बोलणं धाकट्याच्या भाषणाशेजारी ठेवून बघा. एकाला गडी व्हायचंय, दुसरा मनातून कधीच गडी झालाय. मजुरीचा हिशेब दोघेही मांडतात. वही ठेवलेली नाही ती फक्त बापाने.

रेम्ब्रांटने हा प्रसंग आयुष्याच्या अखेरीस रंगवला. १६६८ मध्ये त्याचा तरुण मुलगा टायटस वारला, पुढच्याच वर्षी तो स्वतः गेला. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. गुडघ्यावर आलेल्या पोराची चप्पल झिजून पायातून निसटलीय, म्हाताऱ्या बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. उजवीकडे काठी धरून एक जण ताठ उभा आहे. बहुतेक जण त्याला थोरला मानतात. नेटवर चित्र सहज सापडेल. बघाल तेव्हा त्या उभ्या माणसाकडेही जरा वेळ बघा.

कारण गोष्टीत बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. घरात पाहुणे, जेवण, गाणी सगळं चालू असताना यजमान अंगणात उभा राहून थोरल्याची मनधरणी करतोय. एका दिवसात दुसऱ्यांदा तो घराबाहेर पडलाय. हा तुझा भाऊ, मेला होता तो जिवंत झालाय, असं त्याला समजावतोय. लूकची गोष्ट इथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, ते त्याने लिहिलेलं नाही.