दुखणं वर सरकतंय की खाली?

मानेतून निघालेली कळ खांद्यावरून दंडात उतरते आणि बोटांपर्यंत जाते. बोटांना मुंग्या येतात. रात्री या कुशीवर त्या कुशीवर करून थकल्यावर हात उचलून डोक्यावर ठेवला की जरा हायसं वाटतं. हे ज्यांच्या बाबतीत होतंय, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. हात डोक्यावर ठेवल्याने कळ कमी होत असेल तर दुखणं बहुधा खांद्याचं नसून मानेतल्या दबलेल्या शिरेचं असतं. खांदा आखडलेल्या माणसाचा हात तेवढा वर जातच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सहा आठवडे द्या. इंजेक्शन, ऑपरेशन, कुणाच्या तरी ओळखीचा मान ‘बसवून’ देणारा, या सगळ्यांच्या आधी सहा आठवडे नेमाने व्यायाम करा. आणि तो करताना दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठवर पोचतंय याकडे लक्ष ठेवा.

पण काही जणांनी पुढचं वाचत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली आहेत, हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, पाय ताठल्यासारखे वाटतात, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय, अशा वेळी शीर नव्हे तर मज्जारज्जूच दाबला जात असण्याची शक्यता असते आणि तिथे थांबण्यात नुकसान आहे. हाताची ताकद दिवसागणिक कमी होत असेल, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली असेल, सोबत ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, तरीही तसंच. डावा हात दुखतोय, छातीवर दडपण आहे, घाम फुटलाय, तर ‘मानेचंच असेल’ म्हणून घरी झोपून राहू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

आता उरलेल्यांसाठी. मानेत सात मणके असतात आणि तिथून शिरांच्या आठ जोड्या निघतात. सर्वांत जास्त त्रास सातव्या शिरेला होतो, त्याखालोखाल सहावीला. सहावीचा त्रास अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे जातो, सातवीचा मधल्या बोटाकडे, आठवीचा करंगळीकडे. म्हणून तपासताना ‘कुठलं बोट?’ असं विचारतात, तो चौकसपणा नसतो. तरुण वयात बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली गादी सरकलेली असते. पन्नाशीच्या आसपास हाडाला फुटलेली टोकं शिरेची वाट अरुंद करतात. मात्र नुसत्या दाबाने एवढं दुखत नाही, शिरेच्या मुळाशी सूज आलेली असते म्हणून ती पेटते. सूज उतरते. बाहेर आलेला गादीचा तुकडाही बऱ्याच जणांत हळूहळू आक्रसतो. हा आजार बरा होण्याकडे कललेला आहे, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं. बऱ्याचदा त्याला त्याऐवजी एमआरआयचा कागद मिळतो.

त्या कागदाबद्दल एक सांगते. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या बाराशेहून अधिक लोकांचे एमआरआय काढले. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा सुमारे ८८ टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली निघाली. हे सगळे लोक ठणठणीत होते. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते खोटं नाही, पण तुमच्या दुखण्याचं कारण तेच, असं कागद एकटा सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळात या आजाराच्या ५६१ रुग्णांची नोंद ठेवली गेली. साधारण चौघांतल्या एकाचं ऑपरेशन झालं. शेवटच्या तपासणीपर्यंत दहातले नऊ जण एक तर पूर्ण बरे होते किंवा किरकोळ त्रासावर निभावत होते.

मग व्यायाम कशाला, आपोआपच बरं होणार असेल तर? रास्त प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये नव्याने त्रास सुरू झालेल्या २०५ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला गळपट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी व घरी व्यायाम, तिसऱ्याला नुसती वाट पाहायला सांगितलं. सहा आठवड्यांत पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा जास्त उतरलं, सहा महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच झाले. म्हणजे व्यायाम चमत्कार करत नाही, तो वाईट दिवस सुसह्य करतो. पट्ट्यानेही तेच साधतं, हे मान्य. तरी माझं मत व्यायामाकडे झुकतं, कारण पट्टा लावलेला माणूस मान हलवायलाच घाबरू लागतो आणि महिनोन् महिने पट्ट्यात राहिलेल्या मानेचे स्नायू कमजोर होतात. पट्टा लावायचाच तर थोडे दिवस, तोही डॉक्टरांनी सांगितला तर.

दुखण्याच्या जागेवर लक्ष ठेवण्याची ही रीत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने रुजवली. १९५६ साली वेलिंग्टनमध्ये त्यांचा एक कंबरदुखीचा रुग्ण चुकून, टोकाला उंच केलेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला. पाठ भलतीच वाकलेली पाहून मॅकेन्झी हादरले, पण रुग्ण म्हणाला की पायातली कळ गेली. त्यातून त्यांनी एक गोष्ट हेरली आणि पुढे मानेलाही लावली. हालचाल योग्य असेल तर दुखणं टोकाकडून कण्याकडे माघार घेतं. तुमच्यापुरता अर्थ असा: व्यायामानंतर बोटांतली कळ कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत मागे आली तर गाडी योग्य रस्त्यावर आहे, मग मान जरा जास्त दुखली तरी चालेल. उलट मान हलकी वाटतेय पण मुंग्या नव्याने बोटात उतरल्या, तर तो व्यायाम तिथेच थांबवा. बरेच लोक नेमकं उलटं करतात.

पहिला व्यायाम हनुवटीचा. खुर्चीत ताठ बसा, नजर समोर. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्या, गळ्याशी दुहेरी हनुवटी दिसेल इतकी. दोन-तीन सेकंद थांबा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. बसून कळ वाढत असेल तर उताणं झोपून डोक्याने उशी हलकेच दाबा. दुसरा, मानेच्या आतल्या स्नायूंचा. उताणं झोपा, ‘हो’ म्हणण्याइतकीच मान डुलवा आणि दहा सेकंद धरा. डोकं उशीवरून उचलायचं नाही. गळ्याच्या बाजूचे स्नायू टरारले तर जोर जास्त लागतोय. दिसायला पोरखेळ आहे, करून पाहा, पाचव्या वेळेला मान थरथरते. तिसऱ्यात खांदे कानांकडे न उचलता पाठीमागची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढा. दोन आठवड्यांनी कळ शमली की त्याला रबराच्या पट्ट्याची जोड द्या. याखेरीज रोज वीस-तीस मिनिटं चाला. लोंबता हात ठणकत असेल तर तो खिशात अडकवा.

शीर मोकळी करण्याचा आणखी एक व्यायाम आहे. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी तशी शीर तिच्या वाटेतून पुढे-मागे सरकवायची असते. तो मी इथे लिहून शिकवणार नाही. जरा जास्त ताणलं गेलं की पेटलेली शीर आणखी पेटते. तो समोर बसून शिका. मोबाईलवरच्या व्हिडिओत ताण किती द्यायचा ते कळत नाही.

आता काय करू नये. मान गरागरा फिरवू नका. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सध्या बंद, रोजचा योगाभ्यास असला तरी. आणि केस कापून झाल्यावर न्हावीदादांनी मान कडाकड मोडायला घेतली तर त्यांचा हात धरा. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. एवढी मोठी किंमत त्या दोन सेकंदांच्या सुखासाठी कुणी का द्यावी, मला कळत नाही.

‘ओझं उचलू नका’ हे सांगणं सोपं, पण ज्याचं पोट ओझ्यावर आहे त्याने काय करायचं? मार्केट यार्डातल्या हमालाला, डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला सहा आठवडे घरी बसणं परवडत नाही. त्यांनी एवढं तरी पाहावं: डोक्यावरचं ओझं तेवढं टाळायचं, हंड्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान कळश्या घ्यायच्या. माथाडी कामगारांनी मुकादमाला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून काही दिवस वेगळं काम मागावं, त्यात लाज नाही. शिवणकाम करणाऱ्या बायांनी अर्ध्या तासाने मशीनवरून उठून हनुवटीचा व्यायाम करावा. महागड्या उशीच्या मागे लागू नका, मानेखालची पोकळी भरेल एवढा घडी केलेला टॉवेल पुरतो.

भौतिकोपचार म्हणजे श्रीमंतांची चैन, हा समज जुना आणि चुकीचा आहे. देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या हॉस्पिटलातच सुरू झाली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत आणि फिजिओथेरपी कॉलेजांच्या बाह्यरुग्ण विभागांत हे उपचार कमी खर्चात होतात. शेक आणि मशीन लावून दहा मिनिटांत सोडत असतील तर ‘घरी करायचे व्यायाम दाखवा’ असं विचारून घ्या.

सहा आठवड्यांनीही कळ बोटांतच अडकलेली असेल तर सर्जनकडे जायला कचरू नका. स्वीडनमध्ये ६३ रुग्णांत ऑपरेशन अधिक व्यायाम आणि नुसता व्यायाम यांची तुलना झाली, तेव्हा ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला होता. दोन वर्षांनी हाताच्या दुखण्यात मोठा फरक राहिला नव्हता. लवकर आराम हवा की शस्त्रक्रियेचा धोका टाळायचा, हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा.

तोवर घरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री एकच शब्द लिहा: बोट, मनगट, कोपर, दंड, खांदा, मान. कळ त्या दिवशी जिथवर पोचली तो. डॉक्टरकडे जाताना एमआरआयच्या फिल्मसोबत ते पानही न्या, आणि आधी ते पान दाखवा.