धोका पत्करायचा कोणी?

हरी बुधा मगर यांना एव्हरेस्टने नव्हे, काठमांडूतल्या एका नियमाने अडवले. मूळचे नेपाळचे मगर ब्रिटिश सैन्यातले गुरखा जवान. २०१० साली अफगाणिस्तानात स्फोटकावर पाय पडला आणि दोन्ही पाय मांडीपासून गेले. एव्हरेस्टची तयारी सुरू होती, तोच डिसेंबर २०१७ मध्ये नेपाळ सरकारने दोन्ही पाय नसलेल्यांना आणि दृष्टिहीनांना गिर्यारोहणाची बंदी केली. कारण दिले अपघात टाळण्याचे. गंमत अशी, की तोवर दृष्टिहीन एरिक वाइहेनमायर यांना एव्हरेस्ट चढून सोळा वर्षे झाली होती आणि दोन्ही पाय गमावलेल्या न्यूझीलंडच्या मार्क इंग्लिस यांना अकरा.

२०१८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रोखला. त्याच मोसमात सत्तरीच्या उंबरठ्यावरचे चिनी गिर्यारोहक शिया बोयू कृत्रिम पायांवर माथ्यावर पोहोचले. मगर यांना १९ मे २०२३ पर्यंत थांबावे लागले. गुडघा शाबूत असेल तर कृत्रिम पायाला बिजागरी मिळते. गुडघाच नसेल तर प्रत्येक पावलाचा जोर कमरेतून काढावा लागतो. मगर यांनी म्हणूनच तोल सांभाळायला सोपे पडणारे आखूड पाय वापरले. तशा पायांनी बर्फ कसा चढायचा, हे त्यांना कळत होते. नियम करणाऱ्यांनी मात्र त्यांना ते विचारलेच नाही.

आपल्याकडे असे उघड नियम फारसे नसतात. इथला नकार गोड असतो: ‘कशाला उगाच त्रास करून घेता?’

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यातच रुतून बसली. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये याच पोहण्याने भारताला या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक दिले. अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या हाती पडला तेव्हा २०२५ साल उजाडले होते.

कारगिलच्या लढाईत उखळी तोफेचा गोळा दीड मीटरवर फुटून पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग धावू लागले. मार्च २०१९ मध्ये त्यांनी नाशिकला विमानातून एकट्याने हवाई उडी घेतली. स्वतः जखमी झालेले माजी पॅरा कमांडो मेजर विवेक जेकब यांच्या ‘क्लॉ’ संस्थेने तर दारे सैनिकांपलीकडेही उघडली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या मोहिमेतले आठ दिव्यांग सियाचिनच्या कुमार पोस्टवर, १५,६३२ फुटांवर, पोहोचले. त्यांच्यात किन्नौरची छोंझिन आंगमो होती. आठव्या वर्षी दृष्टी गेलेल्या या तरुणीने मे २०२५ मध्ये एव्हरेस्टही सर केले.

अशा बातम्यांवर आपण ‘जिद्दीला सलाम’ असा मथळा ठोकतो आणि पान उलटतो. अडचण तिथेच आहे. सियाचिनमागे लष्कर उभे होते. पण रेल्वे अपघातात पाय गेलेल्या डोंबिवलीच्या मुलाला, पोलिओ झालेल्या मुलीला शनिवारी-रविवारी कळसूबाईला जायचे असेल, तर? बहुतेकदा संयोजक ‘जबाबदारी कोण घेणार?’ विचारून फोन ठेवतो. सरकारी भाषेत अपंगाचा दिव्यांग झाला. फोन मात्र तसाच ठेवला जातो.

बचावपथकांचा आक्षेप खोटा नाही. कड्यावर अडकलेल्याला खाली आणणारेही जीव धोक्यात घालतात. पण पावसाळ्यात हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर चपला घालून येणाऱ्याला डॉक्टरचा दाखला कोण मागतो? तपासणी जरूर व्हावी, पण ती त्या माणसाची, त्या वाटेची आणि त्या दिवशीच्या हवेची. शरीराचा एक अवयव नाही, एवढ्यावर निकाल लागू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळांत सहभागाची सोय करणे हे सरकारचे काम ठरवले आहे. साहसी खेळांबाबत ते काम अगदी रोकडे आहे. मांडीपासून पाय नसलेल्याला हार्नेस कुठे काचतो, कमरेखाली संवेदना नसलेल्याला जखम झाल्याचे कळतही नाही म्हणून त्याची त्वचा किती वेळाने तपासायची, दृष्टिहीनाला पुढची पायरी शब्दांत कशी सांगायची, हे प्रशिक्षकांना शिकवावे लागेल. विम्याच्या अटी बदलाव्या लागतील. आणि हे शिकवायला माणसे शोधत फार लांब जायला नको. पुण्यात खडकीला मणक्याच्या इजेने पांगळे झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. कमरेखालचे शरीर साथ देत नसताना काय जमते आणि काय नाही, हे तिथल्या जवानांइतके कोणाला ठाऊक असणार? राज्यातल्या साहसी प्रशिक्षण संस्थांनी पुढचा अभ्यासक्रम आखताना त्यांना बोलवावे, तेही हारतुऱ्यांसाठी नव्हे, शिकवायला.