आधी तोफा, मागाहून प्राणवायू

लखनौच्या दक्षिणेस रायबरेली रस्त्यालगत वृंदावन योजना नावाची सरकारी वसाहत आहे. ५ ते ९ फेब्रुवारी २०२० या दिवसांत तेथील मैदानावर केंद्र सरकारने शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरवले. पंतप्रधानांनी उद्घाटन केले, देशोदेशींच्या हजाराहून अधिक कंपन्यांनी आपला माल मांडला, करारमदारांची लयलूट झाली. त्याआधी अवघे सहा दिवस, ३० जानेवारीस, जागतिक आरोग्य संघटनेने नव्या कोरोना विषाणूबाबत आणीबाणी जाहीर केली होती. भारतातील पहिला रुग्णही त्याच दिवशी केरळमध्ये आढळला होता. प्रदर्शनाची तयारी आधीपासूनची होती, हे खरे. पण तोफांची तयारी आधीपासून असते आणि प्राणवायूची नसते, हाच तर प्रश्न आहे!

पुढे त्याच वसाहतीत संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचे अपघात उपचार केंद्र ‘राजधानी कोरोना रुग्णालय’ म्हणून उभे राहिले. ही संस्था सार्वजनिक आहे. साथीच्या आरंभी देशभर अनेक खाजगी दवाखान्यांनी दारे लावून घेतली, तेव्हा भार पडला तो अशाच संस्थांवर.

या रोगावरील उपचारात गूढ असे काही नव्हते. मुखपट्टी, मोकळी हवा, चाचणी आणि विलगीकरण यांनी फैलाव रोखता येतो. श्वास लागलेल्या रुग्णास वेळेवर प्राणवायू मिळाला तर तो वाचू शकतो. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्येच ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतील चाचणीने दाखवून दिले. मात्र उत्तर प्रदेश सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिनचा पुरस्कार केला, ज्याला पुरेसा आधारच नव्हता. काळा बाजार फोफावला तो महागड्या रेमडेसिविरचा. स्वस्त औषधाला दलाल मिळत नाहीत!

एप्रिल २०२१ मध्ये लखनौ प्राणवायूसाठी तडफडले. सरकारला सुचले काय, तर भैसाकुंड स्मशानाभोवती पत्रे ठोकणे. ४ मे रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्राणवायूअभावी होणारे मृत्यू हे नरसंहाराहून कमी नसलेले गुन्हेगारी कृत्य ठरवले. त्याच आठवड्यात अवध शिल्पग्रामात संरक्षण संशोधन संघटनेचे सुमारे ५०० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. तेथे राबलेल्या डॉक्टर-परिचारिकांचे श्रेय निर्विवाद आहे. पण जे मे महिन्यात जमले, ते पहिल्या लाटेनंतरच्या निवांत महिन्यांत का जमले नाही?

लसीची कथा याहून वेगळी नाही. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणाऱ्या हाफकिनच्या परळ येथील संस्थेचा वारसा ज्या देशाकडे आहे, त्याच देशात २००८ मध्ये कसौली, कुन्नूर व चेन्नई येथील तीन सरकारी लस कारखान्यांचे परवाने स्थगित झाले. परिणामी १ मे २०२१ पासून पुण्यात बनणारी एकच कोविशील्ड केंद्राला १५०, राज्यांना ३०० आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपये अशा तीन भावांनी विकली जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने जाब विचारल्यावर आणि राज्यांनी ओरड केल्यावर २१ जूनपासून राज्यांचा वाटा केंद्राने आपल्या शिरी घेतला. खाजगी रुग्णालयांचा चौथा हिस्सा मात्र शाबूत राहिला.

२०१७ च्या आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्वतःचा, चालू स्थितीतील प्राणवायू संयंत्र, त्यासाठी कायम तंत्रज्ञ आणि सार्वजनिक लस कारखान्यांना भांडवल व खात्रीची खरेदी, या मागण्या कामगार-किसान संघटनांनी वेतन आणि हमीभावाच्या मागण्यांइतक्याच नेटाने लावून धरावयास हव्यात. आणि त्याही पुढची साथ येण्यापूर्वी.