रक्तदाबाची गोळी आणि वैद्याचे मौन

उच्च रक्तदाबास आयुर्वेदात कोणते नाव द्यावे, रक्तगत वात म्हणावे की व्यानाची विकृती मानावी, हा वाद आपल्या व्यासपीठावर दीर्घकाळ चालू आहे आणि तो लवकर मिटावा अशी आम्हांस फारशी घाई नाही. आज आम्ही निराळा प्रश्न मांडू इच्छितो. निदान झाले, औषध सुरू झाले, तरीही रुग्णाचा रक्तदाब १४०/९० च्या खाली टिकत का नाही? रामटेक परिसरातील रुग्ण पाहताना आम्हांस जे उत्तर सापडले, त्यात रोगाच्या स्वभावापेक्षा औषध मध्येच तुटण्याचा भाग मोठा आहे. आणि त्या तुटण्यात आपल्या व्यवसायाचाही वाटा आहे.

आमच्याकडचे वर्ष धानावर चालते. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली की बायामाणसे दिवसभर चिखलात वाकलेली असतात. घरातील गोळ्या संपल्या तरी गावाहून रामटेकला येण्यास कोणास उसंत नसते, आणि डोके दुखत नाही तोवर गोळीची आठवणही होत नाही. कंबर मात्र दुखते. मग नाक्यावरच्या दुकानातून दुखणे थांबविणारी गोळी येते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गटातील औषधे शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवितात आणि रक्तदाबावरील कित्येक गोळ्यांचा गुणही कमी करतात. म्हणजे रोवणीच्या दिवसांत नको ते औषध पोटात जाते आणि हवे ते सुटते.

दुसरी गळती उन्हाळ्यात. विदर्भातील वैशाख-ज्येष्ठाचे ऊन आपण जाणतोच. रक्तवाहिन्या विस्फारतात, घाम जातो, रक्तदाब आपोआप काहीसा उतरतो. गोळी घेणाऱ्यास उठताना भोवळ येते. अशा वेळी चिकित्सकाने मात्रा कमी करणे योग्यच. परंतु घडते ते असे की ‘बीपी नॉर्मल झाला’ म्हणून गोळी कायमची बंद होते. मार्गशीर्षाच्या थंडीत रक्तदाब पुन्हा चढतो, तेव्हा मोजावयास कोणी जात नाही. ऋतुचर्या शिकलेल्या वैद्यास हे नव्याने सांगावे लागू नये.

मिठाविषयी चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तिघांचा अतिवापर वर्ज्य सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची; लोणचे, पापड, ठेचा यांच्यापुढे ती कोठे टिकणार? त्यात ‘सैंधव चालते’ ही समजूत आपणच पसरविली. सैंधव हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. चार लवणांचे लवणभास्कर रोज दोन वेळा देताना रक्तदाब विचारणारे आमच्यात किती? दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत दिलेले ज्येष्ठमधही रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते. खोकल्याच्या काढ्यांतून ते महिनोन्‌महिने जाते. खर्ऱ्याचे तर काय बोलावे! रक्तदाब मोजण्यासाठी बाही वर करणाऱ्याच्या गालात तो बहुधा असतोच. तो थुंकून, अर्धा तास थांबून, पाठ टेकवून, पाच मिनिटे न बोलता बसल्यावर दोनदा मोजलेला आकडाच खरा मानावा.

आता आमच्याच चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी पन्नाशीपुढचा एक शेतकरी संधिशूळासाठी आमच्याकडे येत असे. एकदा उठता उठता त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, तुमचा काढा चालू हाये, मंग ते बीपीची गोळी बंद करू का?” आम्ही दुसऱ्या रुग्णाकडे वळलो होतो. उत्तर दिले नाही, बहुधा हसलो. ते हसणे त्याने संमती समजून घरी नेले. त्या हिवाळ्यात त्याचे उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. त्याची पत्नी आजही अभ्यंगाचे तेल नेण्यास येते. तिने आम्हांस कधी दोष दिला नाही, कारण त्या दिवशी काय विचारले गेले हे तिला ठाऊकच नाही.

येथे कोणी सर्पगंधेचे नाव घेईल. ते अभिमानाचे आहेच. डॉ. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी लिहिले, मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. परंतु त्याच अनुभवाने खिन्नता, मंद नाडी, नाक चोंदणे हे तिचे उपद्रवही शिकविले. चालू गोळी बंद करून तिच्या जागी अंदाजाने सर्पगंधा देणे हा त्या परंपरेचा सन्मान नव्हे. ॲटेनोलॉल वा क्लोनिडिनसारखी औषधे एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो, आणि रुग्णाच्या पिशवीत नेमकी कोणती गोळी आहे हे आपण पुष्कळदा पाहतही नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सातारा व सिंधुदुर्ग यांच्यासह आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. त्यातील गोष्टी साध्या आहेत: ठरावीक औषधक्रम, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात त्या मिळण्याची सोय आणि जो आला नाही त्याचा शोध. या शोधाचे काम आपल्या औषधविक्रेत्या बंधूंस सर्वांत सोपे आहे. दर महिन्यास पाकीट नेणारे गिऱ्हाईक दोन महिने फिरकले नाही, हे त्यांच्याआधी कोणास कळणार? एक दूरध्वनी केला तर विक्रीही होते, हे सांगण्यात आम्हांस संकोच नाही. आणि कंबरेची गोळी मागणाऱ्यास ‘बीपी आहे का?’ एवढे विचारून ती न देता परत पाठविण्याचे धैर्यही त्यांनी दाखवावे. तेथे विक्री बुडते, हेही खरे.

आहार, निद्रा, व्यायाम, मनःस्वास्थ्य यांत आयुर्वेदाचा अधिकार मोठा आहे. अंबाळ्यापासून गडमंदिरापर्यंत रोज सावकाश चढणारा रुग्ण मात्रा कमी करून घेण्यास पात्र ठरू शकतो. मात्र ती मोजून, टप्प्याटप्प्याने आणि गोळी लिहून देणाऱ्याशी बोलूनच कमी व्हावी.

आमच्या नोंदवहीत आता एक रकाना वाढविला आहे: रक्तदाबाची गोळी, तिचे नाव, शेवटची केव्हा घेतली. तो रकाना रिकामा दिसला की नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी आम्ही रुग्णास पिशवी उघडावयास सांगतो.