आरंभशूर नलिका

१९९१ साली जपानचे शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. निर्वात नळीत प्रबळ विद्युत्क्षेत्र लावले असता या नलिकांच्या टोकांतून, त्या न तापविताही, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. क्ष-किरण यंत्रांस हा गुण मोलाचा आहे. परंतु पहिल्या प्रवाहावर भाळून जाणे आम्हांस उचित वाटत नाही.

आरंभी इतरांहून उंच अशा थोड्या नलिकाच बहुतेक भार वाहतात. शिवाय टोकांना चिकटलेल्या वायुरेणूंमुळे प्रवाह डळमळतो. म्हणून नलिका काही तास नियंत्रित प्रवाहावर चालवून मुरवितात. त्या अवधीत उंच टोके झिजतात, वायुरेणू निघून जातात. तितक्याच प्रवाहास विद्युद्दाब अधिक लागतो खरा, पण प्रवाह स्थिरावतो. या मुरण्यास आम्ही परिपक्वता म्हणू. पुढे निर्वातात ऑक्सिजन उरला अथवा आयनांचा मारा होत राहिला, तर मात्र खरी जीर्णता येते.

रुग्णाच्या क्ष-किरण चित्राची स्पष्टता ज्या प्रवाहावर अवलंबून, त्याचे मोल केवळ उच्चांकावरून ठरवू नये. तो किती तास, कोणत्या निर्वातात व कितपत स्थिर राहिला, हे प्रत्येक संशोधकाने नोंदविलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विद्यार्थिमित्रहो, आरंभशूरतेपेक्षा सातत्य श्रेष्ठ, हे प्रयोगशाळेतही खरे ठरते.